दाताची भूल, छातीतली धडधड आणि ‘रिॲक्शन’चा गैरसमज

प्रतिनिधी, धाराशिव

दाढ काढण्यासाठी हिरडीत सुई टोचली जाते आणि मिनिटभरातच छातीत धडधडू लागते. हात थरथरतात, तळव्यांना घाम सुटतो, घशाशी काहीतरी अडकल्यासारखे वाटते. पाच-दहा मिनिटांत सारे शांत होते. मात्र घरी परतल्यावर ‘मला त्या इंजेक्शनची रिॲक्शन आली’ असे सांगितले जाते आणि पुढे कित्येक वर्षे ती व्यक्ती दंतवैद्याची पायरी चढत नाही. तिचा अनुभव ऐकून घरातील आणि शेजारपाजारची आणखी चार माणसेही दाताचे दुखणे अंगावर काढू लागतात.

‘रिॲक्शन’ हा एकच शब्द प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. भीतीमुळे शरीरात होणारे बदल ही पहिली गोष्ट. भुलीच्या औषधात मिसळलेल्या ॲड्रेनॅलिनचा परिणाम ही दुसरी. सुई आत जाताना होणारी इजा ही तिसरी, आणि मूळ औषधाची जादा झालेली मात्रा किंवा त्याची ॲलर्जी ही चौथी. पहिल्या तीन प्रकारांतील बहुतेक तक्रारी आपोआप बऱ्या होतात. चौथा प्रकार विरळा आहे. पण तो ओळखण्यास उशीर झाल्यास जिवावर बेतू शकते. या चारांची सरमिसळ झाली की नुकसान दोन्ही बाजूंनी होते. साध्या धडधडीला ॲलर्जी समजून लोक किडलेली दाढ वर्षानुवर्षे तोंडात बाळगतात. तर खरोखर ॲलर्जी झालेला एखादा रुग्ण पुढच्या डॉक्टरांना ती सांगायचे विसरतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात हा फरक समजून घेणे विशेष गरजेचे आहे. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याचा २०१८ मध्ये उस्मानाबाद या तेव्हाच्या नावाने नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांमध्ये समावेश झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२२ मध्ये. दंत महाविद्यालयातील उपचारांसाठी मात्र रुग्णांना लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. आडगावातील माणूस एसटीने तालुक्याला येऊन दाढ दाखवतो, तेव्हा त्याला पुन्हा येणे परवडेलच असे नसते. भुलीच्या भीतीने एक खेप वाया गेली, की उपचार अनेकदा कायमचेच राहून जातात.

सुईतून नेमके काय जाते?

दातांच्या उपचारांसाठी दिली जाणारी भूल ही ‘स्थानिक भूल’ असते. रुग्ण जागा असतो, बोलू शकतो. केवळ ठरावीक भाग बधिर होतो. दातातील वेदनेची वार्ता मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जाते. त्यासाठी मज्जातंतूच्या आवरणातील सूक्ष्म मार्गांतून सोडियमचे कण आत शिरावे लागतात. भुलीचे औषध हे मार्ग काही काळ बंद करते. वार्ता वाटेतच थांबते आणि दाढ उपटली तरी मेंदूला कळ पोहोचत नाही. दाब व ओढ मात्र जाणवते. दाब वाहून नेणारे तंतू तुलनेने जाड असतात आणि ते पूर्णपणे बधिर होतातच असे नाही. ‘ओढलेले कळत होते, म्हणजे भूल चढलीच नव्हती’ हा समज त्यातूनच निर्माण होतो.

या औषधांचा इतिहासही दुष्परिणामांशी झगडण्याचाच आहे. १८८४ मध्ये व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचा वापर करून दाखवला. त्यानंतर लवकरच अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी जबड्याच्या मज्जातंतूजवळ कोकेन टोचून खालचे दात बधिर करण्याचा मार्ग शोधला. स्वतःवरच प्रयोग करता करता त्यांना त्या पदार्थाचे व्यसन जडले. पुढे जर्मनीतील आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी व्यसन न लावणारे प्रोकेन तयार केले. ‘नोवोकेन’ या नावाने ते जगभर गेले. परंतु त्याची ॲलर्जी होण्याचे प्रमाण बरेच होते. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांच्या संशोधनातून १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार झाले व १९४८ मध्ये ‘झायलोकेन’ या नावाने बाजारात आले. आजही भारतातील दंत दवाखान्यांत मुख्यतः हेच औषध वापरले जाते.

आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या द्रावणात २ टक्के लिग्नोकेन असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. त्यात ॲड्रेनॅलिन बहुधा ८० हजारांत एक भाग या प्रमाणात असते. ते खराब होऊ नये म्हणून सल्फाइट वर्गातील एक रसायन घातलेले असते. अनेक वेळा वापरायच्या मोठ्या बाटलीत जंतू वाढू नयेत यासाठी मिथाइल पॅराबेन हे परिरक्षकही असते. थोडक्यात, एका सुईतून तीन-चार घटक शरीरात जातात. त्रास झाला तर त्यातील कोणत्या घटकाने झाला, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा असतो.

धडधड कशामुळे होते?

लिग्नोकेनमुळे रक्तवाहिन्या काहीशा सैल होतात. ते एकटेच टोचले तर रक्तात झटपट मिसळून जाते आणि भूल लवकर उतरते. ॲड्रेनॅलिन त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे औषध जागेवर टिकते, रक्तस्राव कमी होतो आणि औषधाची रक्तातील पातळीही एकदम वाढत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हाइनरिख ब्राउन या जर्मन शल्यचिकित्सकाने हे मिश्रण वापरात आणले. त्याच्याच बळावर आज दाताच्या गाभ्याची भूल साधारण तासभर टिकते. ओठ, गाल व जीभ त्यानंतरही काही तास बधिर राहतात.

हेच ॲड्रेनॅलिन संकटसमयी आपल्या शरीरातही तयार होते. कुत्रा अंगावर धावून आला की हृदय जोराने धडधडते, हातपाय कापतात, ते यामुळेच. इंजेक्शनमधील ॲड्रेनॅलिनचा थोडा अंश रक्तात पोहोचला, विशेषतः सुईचे टोक एखाद्या छोट्या रक्तवाहिनीत शिरले, तर तसाच अनुभव खुर्चीत बसल्या बसल्या येतो. त्यात मुळातच घाबरलेल्या रुग्णाच्या शरीराने स्वतःचे ॲड्रेनॅलिन सोडलेले असते. दोहोंची भर पडून धडधड, थरथर, डोक्यात ठणके, घाम आणि बेचैनी ही लक्षणे दिसतात. रक्तातील ॲड्रेनॅलिन काही मिनिटांतच नाहीसे होते, त्यामुळे लक्षणेही तितक्याच वेगाने ओसरतात.

अशी धडधड ही ॲलर्जी नव्हे. तिचे प्रमाण कमी करण्याचे उपायही साधे आहेत. सुई टोचल्यावर पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येते का, हे पाहावे लागते. रक्त दिसल्यास सुईची जागा बदलली जाते. औषध सावकाश, साधारणतः मिनिटाला एक मिलिलिटर या गतीने सोडावे, असा दंडक आहे. ज्याला पूर्वी धडधडीचा त्रास झाला आहे त्याने तसे आधीच सांगितले, तर दंतवैद्य ॲड्रेनॅलिनचे प्रमाण कमी असलेले किंवा ते नसलेले औषध निवडू शकतात.

भोवळ आणि रिकामे पोट

दंतवैद्याच्या खुर्चीतील सर्वात नेहमीचा प्रसंग म्हणजे भोवळ. सुई पाहताच किंवा टोचताच चेहरा पांढराफटक पडतो, कपाळावर थंड घाम येतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि क्षणभर शुद्ध हरपते. भीतीमुळे नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल होतात आणि मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा काही सेकंद अपुरा पडतो. धडधडीत नाडी वेगाने चालते, भोवळीत ती मंद होते. औषध शरीरात जाण्यापूर्वीही भोवळ येऊ शकते, यावरूनच ती औषधाची बाधा नाही हे लक्षात येते.

रिकामे पोट, अपुरी झोप, उन्हातून केलेला प्रवास यांमुळे भोवळ येण्याची शक्यता वाढते. शारदीय नवरात्रात तुळजापूरच्या भवानीमातेच्या या जिल्ह्यात घरोघरी उपवास असतात. काही जण नऊही दिवस धरतात. अशा दिवसांत दात दुखू लागल्यास उपवासाला चालणारे काहीतरी खाऊनच दवाखान्यात जाणे हिताचे. मधुमेही रुग्णांनी तर याबाबत कोणतीही हयगय करू नये. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी खुर्चीत बसल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते आणि तिची लक्षणेही घाम व थरथर अशीच असतात. ‘इंजेक्शन घ्यायचे आहे, म्हणून उपाशी राहिलो’ असे अनेक रुग्ण सांगतात. उपाशी राहण्याचा नियम पूर्ण भुलीच्या शस्त्रक्रियेसाठी आहे. दाताच्या स्थानिक भुलीसाठी हलके खाऊन जाणेच योग्य.

भोवळ आल्यास रुग्णाला उताणे झोपवून पाय थोडे उंच करावेत, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर वळवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतणे धोक्याचे आहे, आणि कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काही उपयोग नाही. साधी भोवळ असेल तर आडवे केल्यावर मिनिटभरात माणूस सावध होतो. तसे न झाल्यास दुसरे कारण शोधायला हवे.

सुईमुळे होणारी इजा

तिसऱ्या प्रकारातील तक्रारी सुईच्या वाटेवर काय काय आहे, यावर अवलंबून असतात. जबड्याच्या मागील भागात रक्तवाहिन्यांचे जाळे आहे. त्यातील एखादीला सुई लागली तर गालात रक्त साकळून सूज येते आणि नंतर काळानिळा डाग दिसतो. दिसायला भयंकर वाटला तरी तो साधारण आठवडा ते पंधरवड्यात मावळतो. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फाचा शेक पुरेसा असतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हा त्रास अधिक संभवतो. म्हणून त्या गोळ्यांची माहिती आधी द्यावी. मात्र त्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

खालच्या दाढेसाठी दिलेल्या इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी तोंड पुरते उघडत नसल्याची तक्रार काही जण करतात. सुई चावण्याच्या स्नायूतून गेल्याने तो आखडतो. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, बाहेरून शेक आणि तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम यांनी काही दिवसांत फरक पडतो. ताप, वाढती सूज किंवा गिळताना त्रास असेल तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन लगेच परत दाखवावे.

सुई जबड्यात फार मागे गेली तर कानाखालच्या लाळग्रंथीतून जाणारा चेहऱ्याचा मज्जातंतू बधिर होतो. अर्धा चेहरा लुळा पडतो, डोळा मिटत नाही, तोंड वाकडे होते. पाहणाऱ्यांना अर्धांगवायूच झाला असे वाटते. प्रत्यक्षात भूल उतरली की काही तासांत चेहरा पूर्ववत होतो. तोवर न मिटणाऱ्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून तो झाकून ठेवावा लागतो. हातपायही लुळे पडले किंवा बोलणे बिघडले, तर मात्र हा भुलीचा परिणाम समजून वाट पाहत बसू नये.

‘वरचा दात काढला की नजर जाते’ हा समज मराठवाड्यातच काय, महाराष्ट्रभर आढळतो. दात आणि डोळे यांचे मज्जातंतू वेगळे आहेत आणि दात काढल्याने दृष्टी जात नाही. मात्र भुलीचे औषध क्वचित डोळ्याच्या आसपासच्या भागापर्यंत पोहोचते. तेव्हा एका वस्तूच्या दोन दिसणे, पापणी जड होणे किंवा धूसर दिसणे असे परिणाम तात्पुरते होतात. भुलीबरोबर ते उतरतात. या समजाला अशा एखाद्या अनुभवाचा आधार मिळाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

टोचताना जिभेत किंवा ओठात वीज चमकल्यासारखी झिणझिणी आली, तर सुई मज्जातंतूला लागलेली असते. अशी झिणझिणी जाणवताच रुग्णाने हात वर करून खूण करावी. बहुतेकांना पुढे काहीच त्रास होत नाही. काहींच्या जिभेची बधिरता किंवा मुंग्या काही आठवडे राहतात, आणि फार थोड्यांच्या बाबतीत ती कायमची टिकते. भूल दुसऱ्या दिवशीही उतरली नसेल, तर ती बाब दंतवैद्यांना कळवून नोंदवून घेणे आवश्यक आहे.

भूल चढतच नाही, तेव्हा

दुष्परिणामांचा धोका सर्वाधिक वाढवणारी गोष्ट अनेकदा औषधात नसून उशिरात असते. दाढ दुखू लागली की आधी लवंग, मग औषधाच्या दुकानातील वेदनाशामक गोळी, आणि गाल सुजून डोळा मिटायला लागला की दवाखाना, हा क्रम ओळखीचा आहे. निरोगी ऊतींचा सामू सुमारे ७.४ असतो. पू झालेल्या जागी आम्लता वाढते. अशा जागी लिग्नोकेनचे फार थोडे रेणू मज्जातंतूच्या आत शिरू शकतात. परिणामी भूल नीट चढत नाही, इंजेक्शन पुन्हा द्यावे लागते आणि औषधाची एकूण मात्रा वाढत जाते. म्हणूनच दंतवैद्य कित्येकदा आधी पू बाहेर काढून किंवा औषधे देऊन सूज उतरवतात आणि दाढ नंतर काढतात. हा चालढकलपणा नसून रुग्णाच्या हिताचा निर्णय असतो.

सुपारी व गुटखा खाणाऱ्यांची अडचण वेगळी. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडाच्या आतील त्वचा कडक व पांढुरकी झालेले रुग्ण दिसतात. त्यांचे तोंड तीन बोटे आत जातील इतकेही उघडत नाही. सुई योग्य जागी पोहोचवणे अवघड होते, भूल अर्धवट राहते आणि टोचलेली जागा अधिक झोंबते. ही अवस्था पुढे कर्करोगाकडे झुकू शकते. त्यामुळे दाढेच्या निमित्ताने तिची तपासणी होणे लाभाचेच ठरते.

मात्रेचे गणित

लिग्नोकेनची कमाल मात्रा वजनावर ठरते. ॲड्रेनॅलिन नसलेल्या औषधासाठी किलोमागे सुमारे ४.४ मिलिग्रॅम, तर ॲड्रेनॅलिनसह दिल्यास प्रौढांसाठी किलोमागे ७ मिलिग्रॅम, पण एकूण ५०० मिलिग्रॅमच्या आत, असे प्रमाण सर्वसाधारणपणे मानले जाते. ६० किलोच्या माणसाला ॲड्रेनॅलिनसह ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २१ मिलिलिटरपर्यंत औषध चालते. एका दाढेसाठी लागते दोन-तीन मिलिलिटर. प्रौढांमध्ये मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता त्यामुळे कमी असते.

लहान मुलांचे गणित निराळे आहे. मुलांसाठी ॲड्रेनॅलिन असले तरी किलोमागे ४.४ मिलिग्रॅमची मर्यादा पाळली जाते. १५ किलोच्या बालकासाठी ती ६६ मिलिग्रॅम, म्हणजे अवघी ३.३ मिलिलिटर होते. मोठ्या माणसाला सहज चालणारी दोन इंजेक्शने या बालकाला मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवतात. ‘पुन्हा खेप नको, चारही दात आजच काढा’ असा आग्रह पालकांनी धरू नये, त्याचे कारण हेच. दवाखान्यात मुलाचे वजन विचारले किंवा करून पाहिले जात असेल, तर ते चांगल्या कामाचे लक्षण समजावे.

मात्रा जास्त झाल्याची लक्षणे क्रमाने दिसतात. ओठांभोवती व जिभेला मुंग्या, तोंडात धातूसारखी चव, कानात आवाज, विनाकारण बडबड किंवा गुंगी, जीभ जड होणे, स्नायूंचे झटके आणि अखेर आकडी. त्यापुढे श्वास व हृदयक्रिया मंदावू शकते. जिभेला मुंग्या येणे भूल दिलेल्या बाजूपुरते असेल तर ते अपेक्षितच आहे. दोन्ही बाजूंना मुंग्या येऊन कानात आवाज सुरू झाला, तर मात्र लगेच सांगावे. अशा वेळी औषध थांबवून प्राणवायू देणे, आकडी आवरणे आणि रुग्णालयात हलवणे हे उपचार असतात. गंभीर अवस्थेत रुग्णालयात शिरेतून २० टक्के स्निग्ध द्रावण दिले जाते. ते रक्तातील औषध ओढून घेण्यास मदत करते.

खरी ॲलर्जी कशी ओळखावी?

लिग्नोकेनची खरी ॲलर्जी अत्यंत विरळ आहे. भुलीच्या औषधांमुळे झाल्याचे सांगितल्या जाणाऱ्या सर्व त्रासांत खऱ्या ॲलर्जीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी मानले जाते. त्यातही दोषी घटक कित्येकदा परिरक्षक, सल्फाइट किंवा डॉक्टरांच्या हातमोज्यांतील रबर हा असतो.

ॲलर्जीची लक्षणे त्वचा आणि श्वास यांत दिसतात. अंगावर गांधी उठणे, खाज, ओठ-पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, छातीत घरघर, श्वास अडकणे आणि रक्तदाब घसरणे ही ती लक्षणे होत. केवळ धडधड किंवा केवळ भोवळ म्हणजे ॲलर्जी नाही. अशा तीव्र ॲलर्जीवर पहिला व तातडीचा उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. ज्या औषधामुळे धडधडले म्हणून लोक घाबरतात, तेच मोठ्या मात्रेत दिले असता येथे जीव वाचवते. ते प्रत्येक दंत दवाखान्यात हाताशी असणे अपेक्षित आहे. असा प्रसंग उद्भवल्यास १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला विनाविलंब बोलवावे; महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे.

‘टेस्ट डोस’बाबतही रुग्णांचा आग्रह असतो. पूर्वी काहीही त्रास न झालेल्या प्रत्येकाला त्वचेखाली चाचणी करण्याची गरज नसते आणि चाचणी ठीक आली म्हणजे हमी मिळाली, असेही नाही. ज्यांना गांधी, सूज किंवा श्वासाचा त्रास पूर्वी झाला आहे, त्यांची चाचणी ॲलर्जीतज्ज्ञांकडे, आपत्कालीन सोय असलेल्या ठिकाणी व्हावी. एका औषधाची ॲलर्जी ठरली तरी उपचारांचा मार्ग बंद होत नाही. दुसरे औषध निवडता येते.

कोणी अधिक दक्ष राहावे?

हृदयरोग्यांसाठी एका बैठकीतील ॲड्रेनॅलिनची मर्यादा सुमारे ४० मायक्रोग्रॅम मानली जाते. ८० हजारांत एक भाग असलेल्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये १२.५ मायक्रोग्रॅम ॲड्रेनॅलिन असते. म्हणजे तीन मिलिलिटरपर्यंतची मात्रा या मर्यादेत बसते. म्हणून हृदयरोग असला की भूल देताच येत नाही, हा समज चुकीचा आहे. उलट अर्धवट भुलीत दाढ काढली तर वेदनेमुळे शरीर स्वतःच अधिक ॲड्रेनॅलिन सोडते. रक्तदाब १८० / ११० च्या वर असेल तर मात्र तातडीचे नसलेले उपचार पुढे ढकलावेत. दवाखान्यात जाण्याच्या दिवशी रक्तदाबाची गोळी चुकवू नये.

प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या घेणारे, नैराश्यावरील काही जुनी औषधे घेणारे आणि थायरॉइडचे प्रमाण नियंत्रणाबाहेर वाढलेले रुग्ण यांच्यात ॲड्रेनॅलिनचा परिणाम तीव्र होऊ शकतो. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात लिग्नोकेन सुरक्षित मानले जाते; तातडीचे नसलेले उपचार गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत करणे सोयीचे असते.

लहान मुलांबाबत सर्वाधिक आढळणारी इजा दवाखान्यात नव्हे, घरी होते. बधिर ओठ मुलांना गमतीचा वाटतो. ती तो चावतात, ओढतात आणि भूल उतरल्यावर मोठी जखम समोर येते. ही जखम पिवळट-पांढरी दिसते आणि पू झाला असे वाटून पालक घाबरतात. दोन-तीन तास मुलावर लक्ष ठेवणे, तोवर भाकरीसारखे चावून खायचे पदार्थ आणि गरम दूध न देणे, एवढे पुरे. मोठ्यांनीही भूल उतरेपर्यंत कडकडीत चहा टाळावा. भाजलेले कळत नाही. दात येताना बाळाच्या हिरडीवर बधिर करणारे जेल चोळण्याची सवयही सोडायला हवी. बेंझोकेन असलेल्या जेलमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. त्यामुळे दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता.

नोंद महत्त्वाची

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानुसार नोंदणीकृत दंतवैद्यालाच हा व्यवसाय करता येतो. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला दात काढणाऱ्याकडे भूल कोणती, किती आणि संकट आले तर काय, याची उत्तरे नसतात. नोंदणीकृत डॉक्टरांकडे मात्र रुग्णाने ही उत्तरे मागावीत आणि स्वतःचीही माहिती लपवू नये. सध्या चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून नेणे हा सर्वात सोपा उपाय होय.

त्रास झालाच, तर ‘रिॲक्शन आली’ एवढ्यावर न थांबता केस पेपरवर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : औषधाचे नाव, त्यात ॲड्रेनॅलिन होते की नाही, किती मिलिलिटर दिले, किती मिनिटांनी काय झाले आणि ते कशाने थांबले. गंभीर त्रासाची माहिती भारतीय औषध सुरक्षा कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही कळवता येते. हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आहे.

असा कागद हाती असला, तर पुढचा डॉक्टर लातूरचा असो वा सोलापूरचा, धडधड झालेल्या रुग्णाला निर्धास्तपणे भूल देऊ शकतो आणि खरी ॲलर्जी असलेल्याला तेच औषध पुन्हा टोचण्याची चूक टळते. दाताच्या दुखण्यासाठी रुग्णालयातून मिळालेला हा केस पेपर रक्तदाब-मधुमेहाच्या कागदांबरोबर एकाच फायलीत ठेवावा.